ठेकेदार बदलला, मशीन तेच: कंत्राटी कामगाराने गेट पास परत करण्याआधी काय काय उरकायचं

टाइम ऑफिसच्या काचेवर एक कागद चिकटतो. येत्या १ तारखेपासून अमक्या एंटरप्रायझेसच्या जागी तमकी सर्व्हिसेस. गेट तेच, मशीन तेच, सुपरवायझरही तोच. चाकण असो, वाळूज असो की बुटीबोरी, पोरं म्हणतात, आपल्याला काय फरक पडतो? हजेरी तर लागतेय. फरक असा की त्या दिवशी कागदोपत्री तुमची एक नोकरी संपते आणि दुसरी लागते. पीएफचा मेंबर आयडी, रजेचा हिशेब, बोनस, अनुभवाचं पत्र, सगळ्याचा मालक बदलतो. जुना ठेकेदार महिनाभराने फोन उचलत नाही, आणि नवा म्हणतो, ते माझ्या आधीचं, मला विचारू नका.

त्यामुळे कामं काचेवर कागद दिसल्या दिवसापासून सुरू करायची. 'ब्रेक', म्हणजे काही दिवस कामावरून बंद करून पुन्हा घेणं, मिळणार असेल तरीही हेच लागू. सात महिन्यांनी ब्रेक का देतात हे बहुतेकांना ठाऊक असतं, तरी एकदा सांगून टाकू. महाराष्ट्रातल्या जुन्या आदर्श स्थायी आदेशांत (कारखान्यातल्या नोकरीच्या अटींच्या नियमांत) बारा महिन्यांत सलग २४० दिवस भरलेल्या तात्पुरत्या कामगाराला कायम करण्याची तरतूद होती. कपातीची, म्हणजे कामावरून कमी करण्याची, नोटीस आणि भरपाईही २४० दिवसांशीच जोडलेली. म्हणून आकडा भरायच्या आत गेट बंद. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता (कामगारांचे नवे एकत्रित कायदे) लागू झाल्या, पण ब्रेकची सवय काही एका अधिसूचनेने जात नाही.

आधी आपण कोणाचे, ते बघा

लाइनवर शेजारी उभे असलेले तिघे तीन वेगळ्या प्रकारचे असू शकतात. पगार स्लिपवर ठेकेदाराचं नाव असेल तर तुम्ही ठेकेदाराचे. कंपनीचंच नाव आणि पत्रात सुरुवातीची व शेवटची तारीख असेल तर तुम्ही फिक्स्ड टर्म. 'स्टायपेंड' असं छापलं असेल तर अॅप्रेंटिस किंवा ट्रेनी. अॅप्रेंटिसला पीएफ-ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) नसतं, तेव्हा तिकडे ते शोधत बसू नका. त्याने सर्टिफिकेट आणि ट्रेड टेस्टची तारीख सांभाळावी.

फिक्स्ड टर्मवाल्याला नव्या संहितेत एक वर्ष भरलं की ग्रॅच्युइटी मिळते, पाच वर्षं थांबावं लागत नाही. शेवटच्या पगाराला १५ ने गुणून २६ ने भागा, ती एका वर्षाची रक्कम. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८,००० असेल तर सुमारे १०,३८५ रुपये. एचआरला हे आठवण करून द्यावं लागतं, आणि ती लेखी द्यायची. पुढचं बरंचसं मात्र ठेकेदाराकडच्या माणसासाठी आहे, कारण सगळ्यात जास्त गळती तिथेच होते.

पीएफ: इथे घाई करू नका, पण दुर्लक्षही करू नका

उमंग अॅपवर पासबुक उघडा. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १३,००० धरला तर एका महिन्याच्या ओळीत तीन आकडे दिसायला हवेत: तुमचे १,५६०, मालकाचे ४७७ आणि पेन्शनचे १,०८३. म्हणजे तुमचे १२ टक्के, आणि मालकाचे १२ टक्के दोन खात्यांत फोडलेले. आता पगार स्लिप शेजारी ठेवा. स्लिपवर पीएफ कपात ३,१२० दिसली तर ठेकेदार त्याचाही वाटा तुमच्याच खिशातून भरतोय. हे बेकायदा आहे आणि भरपूर चालतं. 'सीटीसीत (कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चात) धरलंय' हे उत्तर ऐकून गप्प बसू नका, स्लिप जपून ठेवा.

एखादा महिनाच दिसत नसेल तर लगेच घाबरायचं नाही. मार्चचा भरणा एप्रिलच्या १५ तारखेपर्यंत करायचा असतो, त्यामुळे तो एप्रिलच्या उत्तरार्धात दिसतो. एप्रिल संपला तरी दिसला नाही तर मात्र पैसे कापले आणि भरले नाहीत, असं समजून हालचाल सुरू करा.

नवा ठेकेदार जॉइनिंगचे कागद भरून घेतो तेव्हा तुमचा जुना बारा आकडी यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफ नंबर) त्याच्या हातात द्या, आणि लिहिलेला आकडा स्वतः वाचून बघा. इथेच सगळ्यात महागाची चूक होते. फॉर्म भरणारा पोरगा घाईत 'पहिली नोकरी' वर टिक करतो, दुसरा यूएएन तयार होतो, आणि दोन खाती एकत्र करायला पुढे महिने जातात.

दुसरी अडचण बाहेर पडण्याच्या तारखेची. जुन्या ठेकेदाराने ती टाकलीच नाही, किंवा नव्याकडे लागल्याच्या तारखेनंतरची टाकली, तर सर्व्हिस हिस्टरीत दोन नोकऱ्या एकमेकींवर चढतात आणि ट्रान्स्फर अडकतो. तारीख टाकलेली नसेल तर तुम्ही स्वतः टाकू शकता. पोर्टलवर 'मॅनेज'मध्ये 'मार्क एक्झिट', तिथे जुना मेंबर आयडी निवडायचा, तारीख आणि कारण भरायचं, आधारवर आलेला ओटीपी टाकायचा. अट एवढीच की शेवटच्या भरण्याला दोन महिने झालेले हवेत, आणि तारीख त्या शेवटच्या महिन्यातलीच असायला हवी. एकदा भरलेली तारीख तुम्हाला पुन्हा बदलता येत नाही, तेव्हा हजेरी कार्ड समोर ठेवूनच भरा.

नावाचा घोळ वेगळाच. आधारवर वडिलांचं नाव मध्ये आहे, पीएफला फक्त नाव-आडनाव. यूएएन १ ऑक्टोबर २०१७ नंतरचा आणि आधारशी पडताळलेला असेल तर जानेवारी २०२५ पासून अशा बऱ्याच दुरुस्त्या मालकाच्या मंजुरीविना होतात. त्याच महिन्यापासून एकाच यूएएनखालचे बहुतेक ट्रान्स्फरही मालकाकडे न जाता होऊ लागले आहेत. जुन्या ठेकेदाराच्या सहीसाठी त्याच्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवायचे दिवस यामुळे बरेच कमी झालेत.

आणि प्रत्येक ब्रेकला पीएफ काढायची सवय. आमचं स्पष्ट मत, काढू नका. पीएफ काढायच्या फॉर्म १९ सोबत सायबर कॅफेवाला पेन्शनचे पैसे काढायचा फॉर्म १० सीही भरून टाकतो आणि पेन्शनचे पैसे काढून घेतले की तोपर्यंतची पेन्शनची वर्षं शून्य होतात. पेन्शनला दहा वर्षं लागतात. सहा महिने आणि वर असलं की पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे साडेनऊला काम होतं. चार ठेकेदारांकडे अडीच-अडीच वर्षं काढलेला माणूस यात बसतो, पण मध्ये कधी १० सीचे पैसे उचलले नसतील तरच. फारच अडचण असेल तर फॉर्म ३१ ने अॅडव्हान्स घ्या, खातं चालू ठेवा. पाच वर्षांच्या आत ५०,००० किंवा त्याहून जास्त काढले तर टीडीएसही (आधीच कापला जाणारा आयकर) कापला जातो. शिवाय बेरोजगार झाल्यावर पूर्ण रक्कम काढण्याची मुदत दोन महिन्यांवरून बारा करायचा आणि पेन्शनची छत्तीस करायचा निर्णय ऑक्टोबर २०२५ मध्ये झाला आहे. 'दोन महिन्यांनी सगळे काढू' या भरवशावर बहिणीच्या लग्नाची तारीख धरू नका.

ईएसआयसी कार्ड फेकू नका

पगार २१,००० पर्यंत असेल तर तुमच्याकडून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के जातात. नोकरी सुटली की कार्ड संपलं, असं समजून लोक खासगी दवाखान्यात पैसे घालतात. हिशेब असा आहे: एप्रिल ते सप्टेंबर या काळात ७८ दिवसांचा भरणा झाला असेल तर त्याचा लाभ पुढच्या जानेवारी ते जून चालतो, ऑक्टोबर ते मार्चचा लाभ जुलै ते डिसेंबर. म्हणजे ऑक्टोबरात गेट बंद झालं तरी जूनपर्यंत घरच्यांसह उपचार मिळतात. बाळंतपण किंवा ऑपरेशन ठरलेलं असेल तर हे कॅलेंडर भिंतीवर लावा. विमा क्रमांकही यूएएनसारखाच: नव्या ठेकेदाराला जुनाच नंबर द्यायचा.

अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत बेरोजगारीच्या काळात सरासरी रोजच्या पगाराच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदा मिळतात. दोन वर्षांची विमा नोकरी लागते. योजना मुदतवाढीवर चालते, म्हणून अर्जाआधी शाखा कार्यालयात विचारा. आणि स्वतःहून नोकरी सोडलेल्यासाठी ती नाही, हे पुढच्या मुद्द्यासाठी लक्षात ठेवा.

राजीनाम्याचा कोरा कागद

काही ठेकेदार जॉइनिंगलाच तारीख न घातलेल्या राजीनाम्यावर सही घेतात, नाहीतर शेवटच्या दिवशी 'सही कर, मग चेक मिळेल' म्हणतात. राजीनामा दिला की कपातीची नोटीस, वर्षाला पंधरा दिवसांची भरपाई, वरची योजना, सगळं हातचं जातं. सही टाळता येत नसेल तर सहीखाली त्या दिवसाची तारीख स्वतःच्या अक्षरात घाला आणि मोबाइलवर फोटो काढा. 'कंत्राट संपल्यामुळे' एवढे दोन शब्द लिहू दिले तर फारच उत्तम.

फुल अँड फायनलमध्ये (नोकरी सुटतानाच्या शेवटच्या हिशेबात) काय काय यायला हवं ते आधीच एका कागदावर मांडा. शेवटच्या महिन्याचे दिवस. ओटी (ओव्हरटाइम), तोही दुप्पट दराने. साचलेली रजा, जी काम केलेल्या दर २० दिवसांमागे १ या दराने धरतात. बोनस: वर्षात ३० दिवस भरले असतील तर किमान ८.३३ टक्क्यांचा हक्क आहे, दिवाळीआधी सुटलात तरी. ठेकेदार दिवाळीला फक्त हजेरीवर असलेल्यांना वाटतो आणि सुटलेले मागत नाहीत, एवढंच. काढून टाकलं किंवा सोडलं तरी पगाराची बाकी दोन कामाच्या दिवसांत द्यायची, असं वेतन संहिता सांगते. बुटांचे आणि गणवेशाचे पैसे कापले तर त्याची पावती मागा.

अनुभवाचं पत्र

मागितल्यावर कंत्राटी कामगाराला कामाचा तपशील असलेलं अनुभव प्रमाणपत्र देणं ठेकेदारावर बंधनकारक आहे. कामाची सुरक्षितता व आरोग्य यांवरच्या संहितेचं कलम ५६. पण नुसतं 'हेल्पर म्हणून काम केले' असं पत्र पुढच्या गेटवर रद्दीच्या भावाचं. मसुदा तुम्हीच टाइप करून न्या, त्याला फक्त शिक्का मारायचा राहू द्या. त्यात मशीनचं नाव आणि कंट्रोलर असू द्या: जसं मशीन व्हीएमसी, कंट्रोलर फॅनुक. कोणता पार्ट, एका शिफ्टला किती नग. सेटिंग स्वतः करता की फक्त लोडिंग-अनलोडिंग. मोजायला काय वापरता, व्हर्निअर, मायक्रोमीटर की बोअर गेज. ऑफसेट देता (मशीनमध्ये टूलच्या मापाची दुरुस्ती भरता) येत असेल तर ते नक्की लिहा, कारण मुलाखतीत पहिला प्रश्न तोच येतो, आणि हेल्परच्या दरातून ऑपरेटरच्या दरात जाण्याची फट तिथेच असते. खोटं मात्र लिहू नका. ट्रायलला मशीनसमोर उभं केलं की पाच मिनिटांत कळतं.

नवा ठेकेदार तपासा

तो तुम्हाला तपासतो, तुम्हीही त्याला तपासा. पीएफच्या वेबसाइटवर 'एस्टॅब्लिशमेंट सर्च' आहे, तिथे लॉगिन लागत नाही. ठेकेदाराचं नाव किंवा कोड टाका आणि भरण्याचा तपशील उघडा. प्रत्येक महिन्याचा भरणा कोणत्या तारखेला झाला, किती रुपये, किती माणसांचा, सगळं दिसतं. तो म्हणतो, माझी तीनशे पोरं आहेत. भरण्याच्या चलनावर माणसं चाळीस. मग बाकीच्यांचं काय, हे त्याला विचारायची गरज नाही. भरणा दर महिन्याला १५ च्या पुढे सरकत असेल तर पगारही तसाच सरकणार असं धरा.

रुजू होण्याआधी विचारायचं ते थोडकं आहे: पीएफ कोणत्या रकमेवर, ओटी सिंगल की डबल, बस आणि कँटीनचे किती कापणार, ब्रेक किती महिन्यांनी. नेमणूक पत्र मागा, नव्या संहितांत ते सगळ्यांना द्यायचं आहे. आणि 'जॉइनिंगचे पाच हजार' किंवा पहिल्या पगारातून कमिशन मागितलं तर द्यायचं नाही. कंत्राटी कामगाराकडून असं शुल्क घ्यायला कायद्याने बंदी आहे. रोख देणारे देतात, आणि सहा महिन्यांनी त्याच जागेसाठी पुन्हा देतात.

पैसे अडकले तर

ठेकेदाराने पगार बुडवला तर जबाबदारी मूळ कंपनीवर येते, पीएफचंही तसंच. म्हणून पहिला अर्ज कंपनीच्या एचआरला, प्रत ठेकेदाराला. अर्धं पान पुरतं: कामाचा कालावधी, गेट पास नंबर, बाकी किती आणि कशाची. दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का घ्या; शिक्का देत नसतील तर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा. पंधरा दिवसांत काही हललं नाही तर जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात तोच अर्ज, सोबत हजेरी, स्लिपा आणि बँक स्टेटमेंट. वेतन संहितेत दावा करायला तीन वर्षं आहेत.

पीएफची तक्रार ईपीएफआयजीएमएस पोर्टलवर होते. दर महिन्याच्या २७ तारखेला, सुट्टी असेल तर दुसऱ्या दिवशी, 'निधी आपके निकट' शिबिर प्रत्येक जिल्ह्यात असतं. तिथे पासबुकाची प्रिंट घेऊन जा, न दिसणाऱ्या महिन्यांपुढे पेनाने फुली मारून.