लेकरांना वाघ दाखवायला नेताय? या चुका टाळा

ताडोब्याला निघालेल्या नागपूरकर कुटुंबाची पहिली चूक बहुतेकदा रात्री अडीचलाच होते. ताडोब्याचं मोहर्ली गेट नागपूरहून दीडशे किलोमीटरच्या आसपास. सकाळची फेरी गाठायची म्हणून झोपलेलं लेकरू उचलून गाडीत ठेवायचं आणि मग त्याला चार तास सफारीच्या उघड्या जिप्सीत बसवायचं. आठ वाजेपर्यंत ते रडकुंडीला आलेलं असतं. आदल्या दिवशीच गेटजवळ मुक्काम करा. ते जमत नसेल तर हिवाळ्यातली दुपारची फेरी घ्या.

एप्रिल-मेमध्ये पाणवठ्यावर वाघ दिसायची शक्यता वाढते, हे खरं. पण पारा ४५ अंशांकडे सरकत असताना तीन वर्षांच्या मुलाला दुपारी उघड्या गाडीत बसवू नये, या मतावर मी ठाम आहे. डिसेंबरच्या पहाटे उलटा त्रास. जिप्सी धावू लागली की वारा कानात शिरतो. एकच जाड जॅकेट घालू नका, कपड्यांचे थर घाला. नऊनंतर एकेक काढता येतात. कानटोपी हवीच.

निघताना तर्री-पोहे नकोत. तेलकट-तिखट पोटात, वर कच्च्या रस्त्याचे हादरे, मग उलटी ठरलेली. केळं, साधी पोळी पुरते. मागच्या सीटवर सर्वात जास्त उसळी बसते, म्हणून मुलाला चालकामागच्या ओळीत, दोन मोठ्यांच्या मधे बसवा. सीटवर उभं करू नका. डायपर सुटलं असलं तरी त्या दिवशी घाला, कारण वाटेल तिथे खाली उतरता येत नाही. फार घाई झाली तर गाइडला लगेच सांगा, ठरलेल्या थांब्यावर नेतात. मोबाइलवर विसंबून जाऊ नका. ताडोब्याच्या कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या गाभ्यात, तो वापरता येत नाही, तेव्हा मोबाइलशिवाय न बसणाऱ्या मुलाला आठवडाभर आधीच सवय लावा.

सर्वात मोठी चूक मात्र मी स्वतः केली. मुलगी चार वर्षांची होती. महिनाभर तिला सांगत होतो, “वाघोबा दिसणार!” त्या सकाळी चितळं दिसली, गवे दिसले, मोर अगदी रस्त्यात आला. प्रत्येक वेळी तिचं एकच, “पण वाघ कुठंय, बाबा?” गेटवर ती हमसून रडली. जंगल तिच्यासमोर होतं आणि मीच ते तिला दिसू दिलं नव्हतं.

पुढच्या वेळी पेंचला, सिल्लारी गेटने गेलो, तेव्हा वाघाचं नावच काढलं नाही. तिला काम दिलं: कान देऊन ऐकायचं. वानर खाकरल्यासारखं ओरडलं, सांबराने ‘ढाँक’ केलं की आमच्या दंडाला हात लावायचा. वाघाची चाहूल लागली की प्राणी असा इशारा देतात, त्याला कॉल म्हणतात, हे गाइडदादांनी समजावलं, धुळीतला पगमार्क, म्हणजे पंजाचा ठसा, दाखवला. वाघ त्याही दिवशी दिसला नाही, पण आल्यावर आजीला तिने तासभर तो ‘ढाँक’ ऐकवला.

वाघ दिसलाच आणि मूल घाबरलं, तर ओरडून गप्प करू नका, तोंडही दाबू नका. छातीशी घट्ट धरा, खाली बसा, चालकाला हळू आवाजात गाडी मागे घ्यायला सांगा. “पोराला दिसत नाहीये, जरा पुढे घ्या” असा आग्रह तर कधीच नको. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिची ५ पिल्लं पर्यटकांच्या गाड्यांच्या गराड्यात अडकली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्या गाड्यांपुढे अडकलेलीही लेकरंच होती.

मूल अगदीच लहान असेल तर आधी काटोल रोडवरच्या गोरेवाड्याला न्या. तिथली सफारी २६ जानेवारी २०२१ ला सुरू झाली. बंद बसमधून वाघ, बिबट, अस्वल दिसतात आणि मूल कंटाळलं तर घर जवळ असतं. सोमवारी गोरेवाडा बंद असतो, मंगळवारी ताडोबा.