साहेबांचा कुठला नंबर मागायचा?

कोपरखैरण्यातल्या आमच्या सोसायटीची मी सचिव आहे. गटार तुंबलं की ग्रुपवर मेसेज ठरलेला: "ताई, त्या इंजिनिअर साहेबांचा पर्सनल नंबर टाका ना." माझ्याकडे असला तरी मी टाकत नाही. रात्री अकराला त्यांच्या घरी पन्नास फोन जावेत, असं त्यांच्या घरच्यांनी काय केलंय? महिला अधिकारी असेल तर त्रास कुठवर जातो, हे वेगळं सांगायला नको. शिवाय त्या नंबरचा उपयोगही थोडाच. बदली झाली की नंबर साहेबांबरोबर जातो, आणि फोनवर दिलेला शब्द कुठेच नोंदला जात नाही.

म्हणून पदाचा नंबर मागा, आणि तो ठासून मागा. माहिती अधिकार कायदा, 2005 च्या कलम 4(1)(ख) प्रमाणे अधिकारी-कर्मचाऱ्यांची निर्देशिका कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करायची असते. वेबसाइटवर ती नसली किंवा जुनी असली, तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करा. मी असं लिहिते: "अमुक विभागातील अमुक पदाचा कार्यालयीन दूरध्वनी, कार्यालयीन ई-मेल आणि नागरिकांना भेटण्याची वेळ द्यावी." घरचा पत्ता, खाजगी मोबाइल मागूच नका. वैयक्तिक माहिती न देण्याची मुभा असलेल्या कलम 8(1)(ञ) खाली तो नाकारला जाईल, आणि मला तो नकार योग्यच वाटतो. पण त्याच कलमाच्या आडून कोणी ऑफिसचा फोनही देत नसेल, तर गप्प बसू नका, त्यांच्या वरिष्ठांकडे 'प्रथम अपील' करा. सरकारी खर्चाने चालणारा फोन खाजगी कसा होईल?

त्याआधी दार बरोबर आहे ना, ते बघा. नवी मुंबईत इथेच बरेच दिवस वाया जातात. भाडेपट्टा, घराचं हस्तांतरण असेल तर सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ. पाणी, कचरा, गटार असेल तर महापालिकेचं विभाग कार्यालय.

फोन झाला तरी पत्र द्याच. दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. शिक्का मिळेपर्यंत टेबलापासून हलू नका. सरकारी सेवकाने कोणतीही फाइल साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त अडवून ठेवू नये, असं विलंब प्रतिबंधाचा 2005 चा राज्याचा कायदा सांगतो. पुढच्या पत्रात तो आवक क्रमांक घालून वरिष्ठांना लिहा. तरीही हललं नाही, तर लोकशाही दिन आहे. तिथे वरिष्ठ अधिकाऱ्यांसमोर बसून बोलता येतं, फक्त अर्ज आधी द्यावा लागतो.

रात्री पाइप फुटला तर महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाला फोन करा. एखाद्या अधिकाऱ्याने कामापुरता स्वतःचा मोबाइल दिला असेल, तर तो पुढे पाठवण्याआधी त्यांना विचारा. नगरसेवकांनी स्वतःच फलकावर छापलेला नंबर मात्र बिनधास्त फिरवा, तो त्यासाठीच छापलेला असतो.

आणि माहिती अधिकाराच्या अर्जात संपर्कापुरता पत्ता पुरतो. कारण किंवा इतर वैयक्तिक माहिती द्यायची गरज नाही, असं कलम 6(2) सांगतं. अर्जाचा फोटो ग्रुपवर टाकताना आपला पत्ता आणि सहीसुद्धा झाका.