निर्णयाआधी वहीचे एक पान

नोव्हेंबर 2022 मध्ये लातूरच्या आडतीवर माझ्या सोयाबीनला क्विंटलमागे 5,500 रुपये भाव मिळत होता, आणि मी 40 क्विंटल माल न विकता तसाच घरी परत आणला. त्या दिवशी कोणी कारण विचारले असते, तर मला एकच गोष्ट सांगता आली असती: ऑगस्ट 2021 मध्ये सोयाबीन 10,000 रुपयांच्या घरात गेले होते. तो आकडा मनात इतका घट्ट बसला होता की 5,500 हा मला भाव वाटतच नव्हता, नुकसान वाटत होते. वास्तविक 10,000 चा तो भाव हंगाम संपत आलेला असताना, बहुतेकांच्या घरात विकायला माल उरलेला नसताना आला होता. त्याच महिन्यात केंद्र सरकारने 12 लाख टन सोयापेंड आयात करण्यास परवानगी दिली, पुढे नवी आवक सुरू झाली आणि भाव उतरला. हे सारे मला माहीत होते, पण निर्णय घेताना त्यातले काहीच समोर नव्हते. जून 2023 मध्ये तोच माल मी 5,000 रुपयांच्या आत विकला.

तेव्हापासून मी एक पद्धत पाळतो आणि इतरांनाही ती आग्रहाने सांगतो. ज्या निर्णयातून सहज मागे फिरता येत नाही, तो घेण्यापूर्वी वहीचे एक पान लिहावे. बियाण्याचा कोणता वाण घ्यावा, दुकानाला कोणता रंग द्यावा यासाठी पान खर्ची घालण्याची गरज नाही, कारण तिथे चूक झाली तरी पुढच्या वेळी सुधारता येते. जमीन विकणे, कर्ज काढणे, भागीदारी करणे, मुलांच्या शिक्षणासाठी गाव सोडणे, अशा गोष्टींसाठी मात्र पान हवेच.

पानावर सर्वांत आधी तारीख आणि त्या दिवशी प्रत्यक्ष माहीत असलेल्या गोष्टी लिहाव्यात. ऐकीव गोष्टी वेगळ्या रकान्यात, कोणाकडून ऐकल्या त्याच्या नावासह. त्यानंतर थांबण्याचा खर्च मांडावा, कारण आपल्याकडे माल ठेवणे म्हणजे फुकटचे काम असा समज फार खोलवर रुजलेला आहे. माझेच उदाहरण घ्या. कृषी सेवा केंद्राची उधारी महिन्याला एक टक्का व्याजाने अंगावर होती, म्हणजे 5,500 रुपयांच्या मालावर महिन्याला 55 रुपये आणि सात महिन्यांचे 385 रुपये. सोयाबीनमधला ओलावा 12 टक्क्यांवरून 9 टक्क्यांवर आला की क्विंटलमागे सुमारे तीन किलो वजन घटते, म्हणजे आणखी 165 रुपये. जूनमध्ये सुमारे 6,050 रुपये मिळाले असते तरच मी नोव्हेंबरच्या बरोबरीला आलो असतो, आणि यात दुबार हमाली व गाडीभाडे धरलेलेच नाही. हा हिशेब चार ओळींचा आहे, पण तो मी जून उलटल्यावर मांडला. (माल ठेवायचाच असेल, तर बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेची चौकशी अवश्य करावी, तारण मालाच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम 6 टक्के व्याजाने 180 दिवसांसाठी मिळते, त्यामुळे उधारीचे ओझे तरी हलके होते.)

हिशेबाखाली एक प्रश्न लिहावा, आणि माझ्या मते संपूर्ण पानावर हाच सर्वांत मोलाचा आहे: आज माझ्या घरात सोयाबीन नसून त्याच्या किमतीची रोकड असती, तर आजच्या भावाने सोयाबीन विकत घेऊन मी ते सात महिने साठवले असते का? याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर माल ठेवण्याचे कारण बाजारात नसून आपल्या मनात आहे. हाच प्रश्न तोट्यातल्या दुकानाला, पडून असलेल्या प्लॉटला आणि रखडलेल्या भागीदारीलाही विचारता येतो.

झालेला खर्च पुढच्या निर्णयात शिरू न देणे हे याहून कठीण आहे, आणि मराठवाड्यात त्याची परीक्षा बोअरच्या गाडीजवळ होते. साडेचारशे फूट खाली गेल्यावरही नुसता फुफाटाच उडत असतो, घरातली माणसे भोवती उभी असतात, आणि कोणीतरी म्हणते, ‘एवढे पैसे घातलेच आहेत, आणखी शंभर फूट जाऊ द्या.’ पण घातलेले पैसे घातले. ते पाणी लागले तरी परत येत नाहीत आणि थांबलो तरी परत येत नाहीत. प्रश्न केवळ पुढच्या शंभर फुटांचा असतो, आणि खोलीबरोबर फुटामागचा दरही वाढत जातो. आपल्याकडच्या बेसाल्ट खडकात पाणी मुख्यतः झिजलेल्या थरात, भेगांत आणि लाव्हाच्या दोन थरांमधल्या सांध्यात असते. त्यामुळे खोल गेले म्हणजे पाणी लागेलच असे होत नाही. म्हणून किती फुटांवर थांबायचे हा आकडा गाडी शेतात येण्यापूर्वी, घरात शांतपणे बसून लिहावा आणि घरातल्या आणखी एका माणसाची त्यावर सही घ्यावी. गाडीजवळ उभे राहून तो आकडा बदलायचा नाही, एवढा एकच नियम.

बोअर घ्यावा की नाही हे ठरवताना आपण बहुधा पाणी लागलेल्यांचीच गोष्ट ऐकलेली असते, कारण कोरडा गेलेला बोअर कोणी पारावर सांगत बसत नाही. त्यासाठी एक संध्याकाळ खर्चून आपल्या शिवारात गेल्या पाच वर्षांत किती बोअर घेतले गेले, किती लागले आणि त्यांतले किती मे महिन्यापर्यंत टिकले, हे मोजावे. मुलाला वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीसाठी लातूरला ठेवतानाही हेच करावे. ‘लातूर पॅटर्न’चा लौकिक खोटा नाही, पण शिकवणीच्या फलकावर निवड झालेल्यांचेच फोटो असतात, आणि खोलीभाडे, डबा व फी भरणारे त्याच वर्गातले बाकीचे विद्यार्थी तिथे दिसत नाहीत. आपल्या मुलाइतकेच दहावीचे गुण असलेली, आपल्याच तालुक्यातून गेलेली पाच-सात मुले शोधून त्यांच्या पालकांशी बोलावे. त्या बोलण्यातून जो अंदाज येतो, तो फलकावरून येत नाही. मुलाचे स्वतःचे म्हणणेही पानावर त्याच्याच अक्षरात घ्यावे. माझ्या पाहण्यात अनेक घरांत हा रकाना कोराच राहतो.

सल्ला घ्यायचा तो प्रत्येकाकडून स्वतंत्रपणे घ्यावा. चार जण एकत्र बसले की पहिला वडीलधारा बोलतो आणि उरलेले तिघे माना हलवतात. तो एकच सल्ला चार तोंडांनी ऐकल्यासारखा होतो. मामांना आणि आडत्याला वेगवेगळ्या दिवशी विचारावे, आणि आपला कल कुठे आहे हे आधी सांगू नये.

पानाच्या शेवटी दोन ओळी सोडाव्यात. एकीत, हा निर्णय वर्षभराने फसला तर तो कशामुळे फसलेला असेल, हे लिहावे. दुसरी ओळ वर्षाने भरण्यासाठी असते. आमच्या दुकानात लक्ष्मीपूजनाला नव्या वह्या पूजतात, त्याच दिवशी मी जुनी पाने वाचतो. वाचताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात: निकाल कसा लागला, आणि त्या तारखेला हाताशी असलेल्या माहितीवर निर्णय योग्य होता का. पावसाने ऐनवेळी ओढ दिल्यामुळे बुडालेले पीक हा चुकीचा निर्णय असेलच असे नाही, आणि नशिबाने साधलेला सौदा शहाणपणाचा असेलच असेही नाही. तारखेचे पान हाताशी नसेल तर हा फरक करता येत नाही, कारण निकाल कळल्यावर आपल्याला सारे आधीच माहीत होते असे मन सांगू लागते.

माझ्या वहीत 2023 च्या तीन वेगवेगळ्या पानांवर ‘सगळे म्हणतात’ हे शब्द सापडले. त्यांच्याखाली मी लाल रेघ ओढून ठेवली आहे, आणि आता नव्या पानावर ते शब्द लिहिले गेले की त्यांच्यापुढे माणसांची नावे लिहितो. आजवर कोणत्याही पानावर ती तीनपेक्षा जास्त भरलेली नाहीत.