कार्यक्रम पूर्ण, तयारी अपुरी: युनिट ट्रेनिंग घेताना या चुका टाळा

कंपनीच्या ट्रेनिंग रजिस्टरात एक रकाना असतो, 'झाले' नावाचा. पायदळातल्या माझ्या नोकरीत त्या रकान्यात मी किती बरोबरच्या खुणा केल्या असतील, हिशोब नाही. 'सेक्शन अटॅक, ३ पीरियड, झाले.' झालं काय, तर तीन पीरियड संपले. सेक्शनला, म्हणजे दहा जणांच्या तुकडीला, हल्ला करता येतो का, हे रजिस्टर विचारत नाही, आणि इन्स्पेक्शनला येणारेही बहुतेक वेळा रजिस्टरच बघतात.

आता पेन्शनवर आहे. गावाकडचे तरुण हवालदार, नायब सुभेदार सुट्टीवर आले की येऊन बसतात. कधी कॉलेजातले एनसीसी शिकवणारे प्राध्यापक-अधिकारी (एएनओ) येतात. सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच: "सुभेदार साहेब, प्रोग्रॅम तर झकास बनवला होता. तरी पोरं होती तिथंच आहेत." मग चहा होईपर्यंत खोदून विचारलं की गाडी ठरावीक ठिकाणीच रुतलेली सापडते.

विषयांची यादी म्हणजे प्रोग्रॅम नव्हे

सोमवारी नकाशा, मंगळवारी फील्डक्राफ्ट, बुधवारी वायरलेस, गुरुवारी प्रथमोपचार. कागदावर छान दिसतं. पण शनिवारी या जवानांना नेमकं काय करता यायला हवं, ते कुठेच लिहिलेलं नसतं.

आधी शेवट लिहा. 'रात्रीचं नेव्हिगेशन' असं नको. असं लिहा: '१० जणांचं सेक्शन, नकाशा आणि कंपास, अंधारात ४ किलोमीटर, ओढ्याच्या दुसऱ्या वळणावर ९० मिनिटांत, एकही माणूस मागे न राहता.' एवढं लिहिलं की बाकीचं आपोआप उलगडतं. कंपासवर बेअरिंग, म्हणजे दिशेचा कोन, घेता यायला हवं, पावलं मोजता यायला हवीत, खुणांनी बोलता यायला हवं, आणि हेच सगळं आधी उजेडात जमायला हवं. प्रोग्रॅम मागून पुढे येत बनतो. उद्दिष्टं दोनच घ्या, फार तर तीन. आठवड्यात अकरा विषय 'कव्हर' करणाऱ्याकडे मी संशयानेच बघतो.

नफरी (हजर माणसांची संख्या) बघून रडणं

कागदावर ११०, फॉल-इनला ५७. हा माझ्याच एका कंपनीचा एका सोमवारचा आकडा. कोणी सुट्टीवर, कोणी कोर्सवर, गार्ड, लंगर, हॉस्पिटल, वर्किंग पार्टी. त्या ५७ जणांत एकही सेक्शन धड पूर्ण नव्हतं. या सेक्शनचा एलएमजीवाला (हलकी मशीनगन चालवणारा) गार्डवर, त्या सेक्शनचा कमांडर स्टोअरच्या कामावर.

चूक अशी होती की ड्युट्या आम्ही कंपनीच्या तिन्ही प्लाटूनमधून (कंपनीचे तीन भाग) 'सारख्या वाटून' काढत होतो. दिसायला न्याय, प्रत्यक्षात तिन्ही प्लाटूनचे तुकडे. पुढे सीएचएमनी (कंपनी हवालदार मेजर) पद्धत बदलली. एक आठवडा सगळी गार्ड आणि वर्किंग पार्टी एकाच प्लाटूनवर, उरलेल्या दोन प्लाटून अख्ख्या मैदानात, पुढच्या आठवड्यात पाळी बदलायची. ज्या प्लाटूनची ड्युटी असे ती कुरकुरायची, पण सेक्शन आपल्याच सेक्शन कमांडरच्या हाताखाली शिकायला लागलं. वेगवेगळे दहा हुशार जवान गोळा करून सेक्शन होत नाही, उजव्या हाताला कोण आहे हे न बघता ज्याला कळतं त्याचं सेक्शन होतं.

आणि हो, सेक्शन कमांडर नसेल तर बाहेरून उसना आणू नका. टूआयसीकडे, म्हणजे सेक्शनमधल्या दुसऱ्या क्रमांकाच्या कमांडरकडे, द्या. त्याचंही ट्रेनिंग होऊ द्या.

रेंजवरचे बसलेले लोक

साधं गणित करून बघा. १०० जवान, १० टार्गेट, म्हणजे १० डिटेल (एका वेळी फायर करणारा गट). एका डिटेलला सगळं धरून २० मिनिटं. अख्खी कंपनी २०० मिनिटं रेंजवर, आणि प्रत्येक जवानाच्या वाट्याला फायरिंग २० मिनिटं. उरलेले ३ तास तो मागे झाडाखाली बसून गवताच्या काड्या मोडतो. रेंज मिळायला महिनाभर खटपट केलेली असते, आणि दिवसाचा नव्वद टक्के भाग असा जातो.

म्हणून फायरिंग पॉइंटच्या मागे, सुरक्षित अंतरावर, तीन-चार अड्डे लावा. एका ठिकाणी हत्यार खोलजोड, एका ठिकाणी वायरलेसवर निरोप देणं, एका ठिकाणी जखमीला टूर्निके (रक्त थांबवणारा आवळपट्टा) बांधणं. डिटेलप्रमाणे गट फिरत राहतात. यासाठी तीन चांगले उस्ताद (शिकवणारे) आदल्या दिवशीच नेमावे लागतात, रेंजवर पोहोचल्यावर नव्हे.

खुद्द फायरिंगमधली सगळ्यात महाग चूक म्हणजे ग्रुप (टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका) न वाचता गोळ्या वाढवत जाणं. टार्गेटवरची भोकं बोलतात, ऐकायला शिका. ग्रुप आवळलेला आहे पण एका कोपऱ्यात गेलाय, तर जवानाचा हात ठीक आहे, रायफल झीरो करायला हवी, म्हणजे तिची साइट नीट लावायला हवी. भोकं वर-खाली उभ्या रेघेत आहेत, तर आधी श्वास बघा, तो श्वास घेता घेताच ट्रिगर ओढत असतो. चारी दिशांना शिंतोडे उडाल्यासारखी आहेत, तर पकड, कोपर, ट्रिगरचा झटका, सगळंच मुळापासून तपासा. अशा जवानाला आणखी ५ गोळ्या दिल्या तर तो तीच चूक आणखी ५ वेळा पक्की करतो.

त्याला बाजूला घ्या. रायफल रिकामी आहे याची दोघांनी खात्री करा. त्याला लायिंग पोझिशनमध्ये झोपवा, नळीच्या पुढच्या टोकावर एक रुपयाचं नाणं ठेवा आणि ट्रिगर दाबायला सांगा. नाणं पडलं, पुन्हा. पडलं, पुन्हा. माझ्या प्लाटूनमध्ये सांगलीकडचा एक पोरगा होता. पहिल्या दिवशी त्याचं नाणं सतरा वेळा पडलं. आजूबाजूचे हसत होते. चौथ्या दिवशी दहापैकी नऊ वेळा टिकलं, आणि पुढच्या रेंजला त्याचा ग्रुप तळहाताखाली झाकला गेला. या सगळ्याला खर्च एक रुपया, तोही परत मिळाला.

उस्तादाचं प्रवचन

ड्रिल शिकवायचा जुना क्रम आपल्याकडे आहे: बयान, नमुना, नकल, अभ्यास. सांगा, दाखवा, करवून घ्या, पुन्हा पुन्हा करवून घ्या. क्रम उत्तम आहे. पण ४० मिनिटांच्या पीरियडमध्ये ३० मिनिटं बयानच चालतं आणि अभ्यासाच्या वेळी शिट्टी होते. मी उलटं सांगतो: बयान ५ मिनिटं, नमुना ५, उरलेला वेळ जवानाचा. बोलायची फारच हौस असेल तर तो चुकेल तेव्हा तिथल्या तिथे बोला.

दुसरं, उस्तादालाच येतं का हे आधी बघा. अमेरिकन सैन्याच्या आठ पायऱ्यांच्या पद्धतीत आराखडा झाल्यावर लगेच दुसरी पायरी शिकवणाऱ्यांना तयार करून तपासण्याची आहे, जवान नंतर येतात. आपल्याकडे संध्याकाळी रोल कॉलला कळतं की उद्या सकाळी आपल्याला जीपीएस शिकवायचाय. मग तो बिचारा रात्री बॅरकमध्ये बटणं दाबत बसतो.

सुंदर सँड मॉडेल

सँड मॉडेलवर, म्हणजे जमिनीवर मातीने बनवलेल्या इलाख्याच्या नकाशावर, माझा जुना राग आहे. एका एक्सरसाइजला आमच्या कंपनीने असं मॉडेल केलं होतं की लग्नाच्या मांडवातली रांगोळी फिकी पडावी. हिरवा भुसा, निळी नदी, कापसाचा धूर, सुतळीच्या वाटा. दोन रात्री सहा माणसं जागली. साहेबांनी पाहिलं, शाबासकी दिली. मॉडेलभोवती उभे होते ते ऑफिसर आणि जेसीओ (सुभेदार वगैरे). जवान मागे चुन्याच्या रेघेपलीकडे. पहाटे निघायच्या आधी मी एका रायफलमनला विचारलं, "ओढा पार केल्यावर तुझ्या डावीकडे कोण?" तो म्हणाला, "साहेब, ते सेक्शन कमांडरना माहीत आहे."

मॉडेल बुटाने उकरलेल्या मातीचं आणि चार दगडांचं असलं तरी चालतं. त्यावरून प्रत्येक जवान स्वतः चालून गेला पाहिजे, आपल्या पायांनी, आपलं काम तोंडाने सांगत. कोणालाही अचानक विचारा, आणि नेहमीच्या हुशार तिघांना सोडून विचारा.

छोटी गोष्ट न शिकवल्याने केवढं मोल द्यावं लागतं, याचं दुसऱ्या महायुद्धातलं उदाहरण मी हटकून सांगतो. एप्रिल १९४४, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डेव्हनमधलं स्लॅप्टन सँड्स. नॉर्मंडीत उतरण्याची अमेरिकन सैन्याची रंगीत तालीम, 'एक्सरसाइज टायगर'. २७ तारखेला उतरण्याची वेळ एक तास पुढे ढकलली, पण काही बोटींपर्यंत तो निरोप पोहोचलाच नाही. २८ च्या पहाटे ८ मोठ्या जहाजांच्या ताफ्यावर जर्मन टॉर्पेडो बोटी तुटून पडल्या. कागदावरच्या टायपिंगच्या चुकीमुळे जहाजांचे रेडिओ वेगळ्याच फ्रीक्वेन्सीवर होते, त्यामुळे आधी दिलेला इशारा त्यांना ऐकूच गेला नाही. दोन जहाजं बुडाली. पाण्यात पडलेल्या अनेकांच्या अंगावर तरंगायचे हवेचे पट्टे होते, पण ते काखेखाली न बांधता कमरेला बांधलेले. पाठीवरच्या ओझ्याने माणसं उलटी झाली आणि डोकं पाण्याखाली गेलं. मृतांचा आकडा ७४९ सांगितला जातो. पट्टा कुठे बांधायचा हे शिकवायला किती वेळ लागला असता? पाच मिनिटं. त्यानंतर फ्रीक्वेन्सी एकसारख्या केल्या गेल्या आणि पट्टा बांधायचं शिक्षण दिलं गेलं.

म्हणून निघण्यापूर्वी वायरलेस फ्रीक्वेन्सी प्रत्येक सेटवर बोलून तपासा, कागदावर टिक मारून नव्हे. वेळ बदलली तर निरोप मिळाल्याचं उलट उत्तर घ्या. उत्तर आलं नाही तर निरोप गेलाच नाही असं धरा.

शरीराला घाई करणं

उंचीवर जाणाऱ्यांसाठी आपल्या सैन्याचे टप्पे ठरलेले आहेत: ९,००० ते १२,००० फुटांसाठी ६ दिवस, तिथून १५,००० पर्यंत आणखी ४, त्याच्या वर आणखी ४. पहिले दोन दिवस तर विश्रांतीच. धडधाकट पोराला हे अपमानास्पद वाटतं, तो दुसऱ्याच दिवशी पळायला निघतो. त्याला थांबवा, गरज पडली तर ओरडून. १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये ईशान्येला चीनच्या सीमेवर नमका चू नदीकाठी ७ इन्फन्ट्री ब्रिगेडचे जवान सुती गणवेशात, हवामानाशी जुळवून घेण्याची संधी न मिळता उभे केले गेले होते. ती किंमत आपण मोजून झाली आहे.

उन्हाचंही तेच. महाबळेश्वरच्या गारव्यातून आलेला जवान एप्रिलमध्ये जैसलमेरच्या वाळूत उतरला की अंग रुळायला १० ते १४ दिवस घेतं. शारीरिक चाचणीची दौड पहाटे उरका. पळताना कोणी असंबद्ध बोलू लागला, लडखडला, तर 'नाटक करतोय' म्हणू नका. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला. गाडी बोलवा, पण थंड करणं गाडीची वाट बघत थांबवू नका.

रात्रीच्या ट्रेनिंगबद्दल एवढंच: डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला अर्धा तास लागतो, आणि एका मोबाइलच्या उजेडात ती जाते. फोन गोळा करून कंपनी ऑफिसच्या पेटीत ठेवा. स्वतःचाही.

सम-अप झाला, घरी चला

सगळ्यात मोठी चूक माझ्या मते ही. एक्सरसाइज संपते, साहेब सम-अप (समारोपाचा आढावा) देतात, वीस मिनिटांत बावीस चुका सांगतात, "कुल मिलाके अच्छा रहा" होतं आणि गाड्या सुटतात. चुका कळल्या, पण सुधारायला मैदानावर कोणीच उरलं नाही. तीच पोरं त्याच चुका घेऊन पुढच्या वर्षी येतात.

चर्चा जमिनीवरच घ्या, अंगावरचा घाम वाळायच्या आत. काय व्हायला हवं होतं, काय झालं, का झालं, पुढच्या वेळी काय. सगळ्यात ज्युनिअर जवानाला पहिला बोलवा आणि कमांडरने शेवटी बोलावं, कारण साहेब एकदा बोलले की मग सगळ्यांना तेच दिसलेलं असतं. आणि प्रोग्रॅम बनवतानाच एक चतुर्थांश वेळ मोकळा ठेवा. त्यावर 'पुन्हा' असं लिहा. तो वेळ मागायला क्वार्टरमास्टरपासून स्पोर्ट्स टीमपर्यंत सगळे येतील. देऊ नका.

कोणाला हा वेळ चैन वाटत असेल, तर १९४३ बघा. बर्माच्या आराकानमध्ये जपान्यांकडून मार खाऊन आलेली ब्रिटिश-भारतीय सैन्याची १४ वी डिव्हिजन आणि तिच्याबरोबर ३९ वी, अशा दोन आख्ख्या डिव्हिजन भर युद्धात लढाईऐवजी फक्त ट्रेनिंगला लावल्या गेल्या, एक छिंदवाड्याला, दुसरी सहारनपूरला. बेसिक ट्रेनिंग झालेला रिक्रूट तिथे दोन महिने जंगलातली लढाई शिकायचा आणि मगच बर्माकडे जायचा. जपानी दारात असताना हा वेळ काढला गेला होता.

आणि खोका हरवला तर

खोका म्हणजे उडालेल्या गोळीचं रिकामं आवरण. हे कोणी लिहीत नाही, पण ट्रेनिंगचे सगळ्यात जास्त तास यात जातात. एकदा आमची नाइट फायरिंग यासाठीच रद्द झाली. दिवसभरातल्या गोळ्यांचा हिशोब संध्याकाळी केला तर एक खोका कमी. साठ माणसं खांद्याला खांदा लावून गुडघ्यांवर, गवतात बोटं फिरवत. तीन तास. शेवटी तो एका जवानाच्या गुंडाळलेल्या ग्राउंडशीटमध्ये निघाला.

तेव्हापासून हिशोब दिवसाच्या शेवटी नाही, प्रत्येक डिटेलनंतर. फायररच्या उजवीकडे ग्राउंडशीट अंथरलेली, खोके तिच्यावरच पडतील अशी. डिटेल उठण्याआधी प्रत्येक जण आपले खोके हातात मोजून दाखवतो, एनसीओ (हवालदार, नाईक) वहीत आकडा लिहितो, आणि ग्राउंडशीट झटकल्याशिवाय गुंडाळायची नाही.