शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी कमी ऐकलेलं संगीत नाटक कसं निवडावं

शाळेत संगीत नाटक करायचं ठरलं की चर्चा ‘सौभद्र’, ‘शारदा’, ‘संशयकल्लोळ’ एवढ्यावरच थांबते. नाटकं उत्तमच आहेत. पण त्यांतली पदं आजी-आजोबांच्या कानांत मोठ्या गायकांच्या आवाजात बसलेली असतात आणि नववीतल्या मुलीची तुलना थेट त्या आवाजाशी होते. कमी ऐकलेलं नाटक घेतलं की मूल त्यातून सुटतं.

निवडीची सुरुवात संहितेपासून नको, आवाजांपासून करा. मुली आणि आवाज न फुटलेले मुलगे साधारण काळी चार-पाचमध्ये (पेटीवरच्या काळ्या पट्ट्यांवरून ठरणारा गायकाचा ‘सा’) गातात, आवाज फुटलेले काळी एक-दोनमध्ये. सातवी ते नववीतल्या मुलग्याला जूनमध्ये नायक केलं तर डिसेंबरात त्याची पट्टी राहीलच असं नाही, म्हणून गाणारा नायक दहावीतला घ्या किंवा ती भूमिका मुलीला द्या. चाचणी अशी घ्या: पदाचा अंतरा, तार षड्जाला, म्हणजे वरच्या ‘सा’ला जाणारी ओळ, मुलाला रंगमंचावर दोन फेऱ्या चालायला लावून लागोपाठ तीनदा गायला सांगा. तिसऱ्यांदा आवाज चिरकला तर पट्टी अर्ध्या सुराने उतरवा. तरीही चिरकला तर ते पद गाळा. युगुलगीतात दोघांच्या पट्ट्या जुळत नाहीत. तिथे मध्ये दोन संवाद घाला, म्हणजे पेटीवाल्याला पट्टी बदलायला वेळ मिळतो.

मग संहिता. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘रामराज्यवियोग’ अपुरं राहिलं, तीनच अंकांचं आहे. शाळेला हा फायदाच: कथा सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे कापाकापी केली तरी प्रेक्षक हरवत नाही. मामा वरेरकरांचं ‘हाच मुलाचा बाप’ हुंड्यावरचं आहे, घरगुती नेपथ्यावर भागतं. खाडिलकरांचं ‘विद्याहरण’ (1913) कच-देवयानीचं. गुरू-शिष्याचा विषय मुलांना जवळचा, पण पदं तानांची, म्हणून पाच-सहाच ठेवा. शुक्राचार्यांच्या मद्यपानाचे प्रवेश शिक्षकांनी आधी वाचून ठरवावेत. जुन्या नाटकांत जातीवरून, रूपावरून केलेले विनोदही येतात. ते तालमीत नव्हे, वाचनातच काढायचे.

मूळ प्रयोग रात्रभर चालत. तुमच्याकडे 75 ते 90 मिनिटं. संहिता मोठ्याने वाचून घड्याळ लावा. पद सरासरी तीन मिनिटांचं धरा, आठ पदांची चोवीस मिनिटं गेली. राहिलेल्या वेळात बसतील तेवढेच प्रवेश ठेवा. सगळी पदं दोघांकडेच असतील तर उरलेली पंचवीस मुलं विंगेत बसून राहतात. नांदी, म्हणजे सुरुवातीचं स्तवन, समूहाने घ्या, एखादं पद सख्यांत वाटा.

सगळ्यात जास्त फसगत चालींवर होते. जुन्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर राग-ताल असतो किंवा ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच एखाद्या गाण्याची ओळ छापलेली असते, आणि ते गाणं आज कुणालाच येत नाही. साकी, दिंडी, कामदा अशा जुन्या छंदातलं पद असेल तर काळजी नाही, त्यांच्या चाली ठरलेल्या आहेत आणि मुलांना दोन दिवसांत येतात. म्हणून नाटक पक्कं करण्याआधी शाळेच्या संगीत शिक्षकांना पेटीवर प्रत्येक पद वाजवून दाखवायला सांगा. ज्याची चाल मिळत नाही त्याला त्याच रागात साधी चाल लावा.

हक्कांचं आधी बघा. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो. किर्लोस्कर (1885), खाडिलकर (1948) आणि वरेरकर (1964) यांची नाटकं आता मोकळी आहेत. पण अलीकडच्या संगीतकाराची चाल किंवा तयार ट्रॅक वापरला तर त्याचा हक्क वेगळा. प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक आणि पालक एवढेच असतील तर कायद्यात शाळांना सूट आहे. तिकीट लावून बाहेरच्यांना बोलावणार असाल तर परवानगी लेखी घ्या.

तालमींना आठ आठवडे हवेत. पहिले तीन फक्त पदांचे, पेटी-तबल्यावर. संवाद आधी पाठ झाले की मुलं पदाला थबकतात आणि नाटक तिथेच तुटतं.