पिल्लाच्या पोटावरची गाठ: आधी काय तपासावं

कुत्र्याच्या दोन महिन्यांच्या पिल्लाच्या पोटावर, बेंबीच्या जागी मऊ फुगवटा लागला तर तो बहुतेक वेळा बेंबीचा हर्निया असतो. पिल्लाला उताणं धरा, ते शांत झालं की बोटाने हलकेच दाबा. फुगवटा आत जातो आणि बोटाला स्नायूतलं छोटं भोक जाणवतं. उभं राहिल्यावर किंवा भुंकल्यावर तो परत येतो. आतली चरबी त्या भोकातून बाहेर डोकावते, एवढंच. बोटाचं टोकही शिरत नाही इतकं भोक लहान असेल तर ते सहसा सहा महिन्यांपर्यंत आपोआप बुजतं. मोठं असेल तर टाके घालावे लागतात, आणि ते नसबंदीच्या भुलीतच उरकता येतं. पट्टा बांधू नका, नाणं चिकटवू नका. कातडी सोलते, भोक तसंच राहतं.

आत न जाणारी, घट्ट, गरम, दुखरी गाठ आणि जोडीला उलट्या म्हणजे आतडं अडकलेलं असू शकतं. तेव्हा रात्र असली तरी डॉक्टरकडे न्या.

मानेवर किंवा खांद्यावर लस दिलेल्या जागची कडक गाठ दोन-तीन आठवड्यांत विरते. दर आठवड्याला मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा, नुसत्या आठवणीवर आकार कळत नाही. महिन्यानंतरही वाढत असेल तर सुईने नमुना तपासून घ्या. पिळणं, फोडणं नको. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तर अजिबात नकोत. आयबुप्रोफेन पिल्लाच्या जिवावर बेतू शकतं.