पन्नास ओळींचं काम एका ओळीत: स्टाटामध्ये ढीगभर व्हेरिएबल रीकोड करायचे असतील तर

थिसिसचा सीझन आला की ज्याच्या त्याच्या डू-फाइलमध्ये (स्टाटा या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरच्या कमांड लिहायच्या फाइलमध्ये) एकच दृश्य असतं. १ ते ५ च्या स्केलवरचे काही प्रश्न उलट्या अर्थाने विचारलेले असतात, त्यांचे आकडे बेरजेआधी उलटवायचे (हेच रीकोड), १ चं ५, २ चं ४ असं, मधलं ३ म्हणजे ‘सांगता येत नाही’ ते तसंच. त्यासाठी लिहिलेलं असतं, रिप्लेस क्यू३ = ५ इफ क्यू३ == १, त्याच्या खाली दोनचं चार, मग चारचं दोन, मग पाचचं एक, आणि हे सगळं कॉपी-पेस्ट करून क्यू७ साठी, क्यू१२ साठी, क्यू१८ साठी. लांबलचक दिसतं हा मुद्दा नाहीच, हे चुकतं. कारण रिप्लेस एकामागून एक चालतं. पहिल्या ओळीने सगळ्या १ चे ५ केले, आता शेवटची ओळ म्हणते ५ चे १ करा, तर ती आधीचे ५ आणि आत्ताच झालेले ५ दोन्ही उचलते आणि शेवटी कॉलममध्ये एकही ५ उरत नाही. एरर येत नाही, लाल अक्षरं नाहीत, सगळं कसं छान चाललंय.

रीकोड कमांड हे सगळे नियम एकदमच लावते, त्यामुळे १ आणि ५ ची अदलाबदल सरळ होते. (कमांड इथे देवनागरीत लिहिल्यात, टाइप अर्थातच इंग्रजी स्पेलिंगने आणि लहान अक्षरांत करा, स्टाटाला कॅपिटल चालत नाही.)

रीकोड क्यू३ क्यू७ क्यू१२ क्यू१८ (१=५) (२=४) (४=२) (५=१), प्रीफिक्स(आर_)

झालं. ३ चा नियम लिहिलेला नाही कारण स्टाटामध्ये ज्या किमतीला नियम नाही ती आहे तशीच राहते. प्रीफिक्समुळे नवीन कॉलम आर_क्यू३, आर_क्यू७ असे तयार होतात आणि मूळ डेटाला हात लागत नाही. हा प्रीफिक्स आळस करून गाळू नका हां. उलटवलेलं परत उलटवलं की मूळ आकडे येतात, म्हणजे प्रीफिक्स नसताना तुम्ही फाइल चुकून दोनदा रन केली तर सगळं पूर्ववत होणार आणि कुणाला पत्ताही लागणार नाही, प्रीफिक्स असेल तर दुसऱ्या वेळी स्टाटा सरळ सांगतो की हा व्हेरिएबल आधीच आहे. इथे एरर येणं हीच तर सोय.

उलटे प्रश्न कुठले ही यादी पुढे दहा ठिकाणी लागणार, तर ती एकदाच लोकलमध्ये (यादीला दिलेल्या तात्पुरत्या नावात) ठेवा:

लोकल उलटे क्यू३ क्यू७ क्यू१२ क्यू१८

आणि नंतर जिथे हवी तिथे `उलटे' असं लिहायचं (हे नावही रोमनमध्येच द्या, उगाच भानगड नको). सुरुवातीचं चिन्ह एस्केपच्या खालच्या बटणावरचं आणि शेवटचं साधं अवतरणचिन्ह, दोन्ही एकसारखी टाकली की चालत नाही, निम्मे लोक इथेच अडकतात. आणि उरलेले निम्मे अडकतात ते लोकलची ओळ सोडून फक्त खालची ओळ सिलेक्ट करून रन करतात म्हणून, लोकल त्या रनपुरताच जगतो, मग यादी रिकामी जाते.

आता ९९ चं काय. प्रश्नावलीत ९८ म्हणजे माहीत नाही आणि ९९ म्हणजे उत्तर दिलं नाही असं असतं बहुतेक वेळा. ‘६ वजा क्यू३’ हा शॉर्टकट सगळ्यांना आवडतो, मलाही, पण ९९ आधी काढला नसेल तर उत्तर येतं उणे ९३. म्हणून सगळ्यात आधी, हे आकडे मिसिंग (म्हणजे हिशोबात न धरायची किंमत) करायला सगळ्या प्रश्नांसाठी एकच ओळ:

एमव्हीडीकोड क्यू१-क्यू२४, एमव्ही(९८=.ए \ ९९=.बी)

दोन वेगळे मिसिंग ठेवल्यामुळे नंतर कोण गप्प बसलं आणि कुणाला माहीत नव्हतं हे वेगळं काढता येतं. मधल्या डॅशचा अर्थ मात्र ‘१ ते २४’ असा नाही, डेटासेटमध्ये क्यू१ पासून क्यू२४ पर्यंत जे जे कॉलम ओळीने आहेत ते सगळे असा आहे. मध्ये कुणी वयाचा कॉलम सरकवला असेल तर ९८ वर्षांच्या आजी मिसिंग झाल्याच समजा. आधी डीएस क्यू१-क्यू२४ देऊन यादी बघून घ्या.

मिसिंग करायचं की शून्य, हे मात्र कोड ठरवत नाही, तुम्ही ठरवायचं. मुंबईच्या आयआयपीएस या लोकसंख्याशास्त्राच्या संस्थेकडून होणाऱ्या एनएफएचएसचा (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा) महिलांचा डेटा घ्या, त्यात व्ही७४४ए ते व्ही७४४ई हे पाच प्रश्न आहेत, नवऱ्याने मारणं योग्य वाटतं का, न सांगता बाहेर गेली तर, मुलांकडे दुर्लक्ष केलं तर, वाद घातला तर वगैरे. ० म्हणजे नाही, १ हो, ८ माहीत नाही. ८ तसाच ठेवून बेरीज केली तर एकदा ‘माहीत नाही’ म्हणालेली बाई पाचही वेळा ‘हो’ म्हणणारीच्या पुढे जाते. (८=०) केलं तर ती टक्केवारीच्या छेदात राहते, (८=.) केलं तर बाहेर जाते. दोन्ही करणारे लोक आहेत, फक्त काय केलं ते थिसिसमध्ये लिहा.

वयोगट करताना रेंजला तिरकी रेघ: (१५/२४=१ "तरुण") (२५/३४=२ "मधले") असं. लेबल तिथल्या तिथेच देता येतं, आणि २०१५ च्या स्टाटा १४ पासून युनिकोड आहे म्हणून ते खुशाल मराठीत द्या. पण वय २४.५ असलं तर ते कुठल्याच नियमात बसत नाही आणि २४.५ म्हणूनच राहतं, दशांश असतील तर जपून.

तपासणीसुद्धा लूपनेच:

फोरइच व्ही ऑफ व्हारलिस्ट `उलटे' {
असर्ट आर_`व्ही' == ६ - `व्ही' इफ `व्ही' < .
}

एक जरी ओळ जुळली नाही तर फाइल तिथेच थांबते. ‘अल्फा (प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) चांगला आला म्हणजे रीकोड बरोबर’ हे लॉजिक लावू नका, स्टाटाची अल्फा कमांड उलटे वाटणारे प्रश्न स्वतःच फिरवून घेते, ॲज-इज हा ऑप्शन दिला तरच जसे आहेत तसे मोजते.

गाइड एसपीएसएस हे दुसरं सॉफ्टवेअरच हवं म्हणाले तर तिथेही रीकोड आहे, इनटू लिहून नवीन नावं द्यायची, पण तिथे नियम उलटा आहे, इनटू वापरल्यावर ज्या किमतीला नियम नाही ती नवीन कॉलममध्ये सिस्टिम मिसिंग होते. म्हणजे वरचा ३ वाला आळस तिथे केला तर ‘सांगता येत नाही’ म्हणणारे सगळे गायब. शेवटी (एल्स=कॉपी) टाका, आणि त्याच्याही आधी ९८-९९ सिस्टिम मिसिंग करून घ्या, नाहीतर तेही कॉपी होऊन येतील.